साडेआठला घरी

यादीत माझं नाव होतं. मी जेवणाचा डबा धुऊन येत होतो, डब्यातून पाणी ठिबकत होतं, आणि फळ्यापाशी उभी असलेली दक्षाबेन मागे न बघताच म्हणाली, "प्रबोधभाई, यंदा पेढे तुमचे." दर जूनला बदल्यांची यादी लागली की आमच्या कालव्यांच्या खात्यात माझी थट्टा होते, तो रिवाजच आहे, म्हणून मी रिवाजाप्रमाणे हसलो आणि मग चष्मा लावून वाचलं. चौदावी ओळ. सुखडिया प्रबोध मणिलाल, वरिष्ठ कारकून, अहमदाबादहून बडोद्यास, सात दिवसांत हजर व्हावे. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग तेरावी आणि पंधरावी ओळही वाचून आलो, की आपण भलत्याच्या नशिबात तर शिरलो नाही ना. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि एकदम जमीनच लागावी, तसं झालं. माणूस पडत नाही, पण दात एकमेकांवर आपटतात. एकोणीस वर्षं मी बडोदा-अहमदाबाद अप-डाउन करत होतो. सकाळी सात दहाच्या इंटरसिटीने जायचं, संध्याकाळी सहा वीसच्या इंटरसिटीने यायचं. आणि त्या एकोणीस वर्षांत सतरा वेळा मी बदलीचा अर्ज केला होता. आता बदली झाली होती. बडोद्याचं ऑफिस माझ्या घरापासून सात मिनिटांवर आहे, तेही वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर. मी आनंदाची वाट बघत फळ्यापुढे उभा राहिलो. डबा गळत होता, पायाशी तळं साचलं, आणि आनंद काही आला नाही.

ते सतरा अर्ज मी एकट्याने केलेले नव्हते. इंजिनापासून तिसऱ्या डब्यात, सावलीच्या बाजूला, आमची मंडळी बसते. अर्ज लिहितात कोठारीकाका. विमा कंपनीत आयुष्य घालवल्यामुळे दुसऱ्याचं दुःख मोजक्या शब्दांत कसं बसवायचं हे त्यांना नेमकं कळतं. फेब्रुवारी संपला की ते ब्रीफकेस मांडीवर आडवी घेतात, तिच्यावरचे पत्ते बाजूला सारतात आणि विचारतात, "बोला, यंदा काय दुखतंय?" पहिल्या वर्षी माझी आई आजारी होती, ते खरं होतं. सातव्या वर्षी आई गेली, पण अर्जात ती आणखी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, कारण काकांच्या मते आई असली की अर्जाला वजन येतं. मग मृदुलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, रक्तदाब आला. तिला तो तेव्हा नव्हता. मग माझे गुडघे आले, तेही तेव्हा धडधाकट होते. आणंदला चढणारा मेकवान शाळेत मास्तर आहे, तो ऱ्हस्वदीर्घ तपासायचा आणि सुस्कारा टाकून म्हणायचा, "देवाच्या दारी या अर्जाचं उत्तर द्यावं लागेल हं प्रबोधभाई." कोर्टात टायपिस्ट असलेला ठक्कर अर्ज टाइप करून आणायचा, आणि त्याच्याइतका जीव ओतून कोणीच काम करत नसे, कारण माझी बदली झाली की माझी खिडकी त्याला मिळणार होती. आमच्याकडे खिडकी वयाने मिळत नाही, वर्षांनी मिळते. जाताना डावी, येतानाही डावी, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पलीकडच्यांच्या डोळ्यांत. त्या खिडकीपर्यंत पोचायला मला आठ वर्षं लागली होती. ठक्कर माझ्या खांद्याला खांदा लावून नऊ वर्षं बसला आहे. आणि ती खिडकी सोडायची म्हणजे नुसतं उठून चालत नाही. ज्याची बदली होते किंवा जो निवृत्त होतो, त्याने महीच्या पुलावर दारात उभं राहून सगळ्यांदेखत नदीत नारळ टाकायचा. नारळ पडला की माणूस सुटला. परत येऊन तो बसतो तो टोकाच्या जागेवर, पाहुण्यासारखा. असे मी अकरा नारळ पाहिले होते. मेकवान मही ओलांडल्यावर चढतो, त्याला सगळे नारळ ऐकीव.

म्हणून दर जूनच्या पहिल्या तारखेला मी एक नारळ घेऊन पिशवीत ठेवायचो, यादी कधी लागेल याचा नेम नसतो. मृदुलाही त्या दिवशी कुंकू लावलेली सुपारी कागदाच्या पुडीत बांधून द्यायची आणि दाराशी उभी राहून सांगायची, "महीत टाका, विसरू नका." मग पुलावर मी खिडकीच्या गजांतून माझं नाणं आणि तिची सुपारी एकाच हाताने टाकायचो, आणि मनात यायचं की बाई बोलत नाही पण आपल्या परतीची किती वाट बघते. यादी लागायची, नाव नसायचं, नारळ घरी जायचा आणि मृदुला त्याचा टोपरापाक करायची. खोबऱ्याच्या वड्या सगळेच करतात, पण तिचा टोपरापाक वेगळाच, वेलची जिथल्या तिथे, दाताखाली साखर येणार नाही. तो डब्यातून गाडीत यायचा आणि वाटला जायचा. माझ्या दुःखाची ही वाटणी मंडळींना इतकी आवडत असे की जून उजाडल्यापासून कोठारीकाका साखर वर्ज्य करत.

त्या सोमवारी संध्याकाळी मी गाडीत चढलो तेव्हा काकांनी पत्ते पिसता पिसता फक्त भुवया वर केल्या. आता सांगायचं, मी मनात म्हटलं. रुमालाने धरलेली माझी खिडकी रिकामी होती. मी रुमाल उचलला, बसलो, पाठीला ती ओळखीची पट्टी लागली, तिच्यावरचा पोपडा कोणत्या वर्षी उडाला हेही मला ठाऊक आहे. माझ्या तोंडून निघालं, "नाही आलं." ते खोटं इतकं सराईतपणे निघालं, कारण सोळा वेळा ते खरं म्हणून बोललो होतो. कोठारीकाका हळहळले. ठक्करचा चेहरा पडला, आणि मग त्याने घाईने तो माझ्यासाठी पाडल्यासारखा केला. "पुढच्या वर्षी गुडघ्याचा फोटो जोडू," काका म्हणाले, "आतला फोटो, हाडांचा. मग टोपरापाक परवा का तेरवा?" मेकवानने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नडियाद गेलं, आणंद आलं, मेकवान उतरला, आणि मी गजांना कपाळ लावून बाहेर बघत होतो. शेतात दिवे लागत होते. मला कळेना की मी घाबरलोय कशाला. घरीच तर जायचं होतं. लोक तुरुंगातून सुटून घरी जायला घाबरतात म्हणतात, पण मी तर रोज रात्री सुटतच होतो. मग मोजून पाहिलं, मी घरी साडेआठला पोचतो, दहाला झोपतो, सहाला उठतो, साडेसहाला निघतो. जागेपणीचे दोन तास. बाकी सगळा मी या डब्यात होतो. इथे मी प्रबोधभाई होतो, खिडकीवाला, पत्त्यात पक्का, बदली न होणारा. घरी मी कोण होतो ते कधी विचारायची वेळच आली नव्हती, जेवून होईपर्यंत झोप यायची.

घरी गेल्यावर मृदुलाने पिशवीतून डबा काढला आणि खाली नारळ पाहिला. "नाही आलं?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती लगेच पाठमोरी झाली. दरवर्षी ती अशी पाठमोरी होते, आणि दरवर्षी मी समजतो की डोळे टिपत असेल, म्हणून मीही दुसरीकडे बघतो. पण त्या दिवशी माझं मन चोराचं होतं आणि चोराला सगळं ऐकू येतं. ती खोबरं किसत गुणगुणत होती. गरब्याचं कडवं होतं, जूनमध्ये. मी पाटावर बसून ऐकत राहिलो. सव्वीस वर्षांच्या संसारात ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं, की एरवी या वेळी मी हातपाय धुवायचं पाणी शोधत फिरत असतो म्हणून कधी कानावर पडलं नव्हतं, कोण जाणे.

मंगळवार गेला. बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि दुपारच्या पॅसेंजरने परत आलो. कारण साधं होतं, संध्याकाळी पाच वाजता माझं घर कसं दिसतं ते मला बघायचं होतं. माणूस जागा घेण्याआधी बघून येतो की नाही? रविवारचं घर मला ठाऊक होतं, पण रविवारचं घर म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर असतं, आणि पाहुणा मीच असतो. सोसायटीच्या वळणावर आलो तर आमच्या ओट्यावरून हसू ऐकू आलं. मी शेजारच्या स्कूटरच्या आडोशाला थांबलो. आमच्या झोपाळ्यावर मृदुला बसली होती, दोन्ही पाय वर घेऊन, आणि समोर इस्त्रीच्या टेबलावर पत्ते मांडले होते. तीन बायका भोवती. तिच्या हातात पत्ते होते आणि ती कुणाला तरी सुनवत होती, "उतर ना, हुकुम काय लग्नात घालायला ठेवलायस?" एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर रुमाल टाकलेला होता. जागा धरलेली. इतक्यात पलीकडच्या घरातली जयाबेन लगबगीने आली, रुमाल उचलून बसली आणि म्हणाली, "आज उशीर करून जमायचं नाही, माझे ते रजेवर आहेत, केव्हाही हाक मारतील. तुझं बरं आहे बाई मृदुला." त्यावर माझी बायको पान टाकत म्हणाली, "माझं बरंच आहे. गाडी लेट होते, पण आजवर कधी वेळेआधी आलेली ऐकलीयस? साडेआठपर्यंत मला कोणी विचारत नाही." सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. आमच्या डब्यात बायकांचा विषय निघाला की आम्हीही असेच हसतो. मी स्कूटरच्या आरशात पाहिलं तर माझ्या चेहऱ्यावर चोरी करताना पकडलेल्या माणसाचा भाव होता, आणि घर तर माझ्याच नावावर होतं. झोपाळा कुरकुरला, तिने पायाने टेकू देऊन पुन्हा झोका घेतला. इतकी मोकळी ती मला कधी दिसली नव्हती. मला राग यायला हवा होता. आला तो हेवा, आणि त्याच्या पाठोपाठ असं वाटलं की मी घरी आलो की हे सगळं उचलून ठेवावं लागणार, इस्त्रीच्या टेबलासकट.

मी मागच्या पावली स्टेशनवर गेलो. जायला दुसरी जागा सुचेना. तीन तास एक नंबरच्या फलाटावर, चहाच्या गाड्याजवळच्या बाकावर बसून राहिलो. आठ दहाला इंटरसिटी आली, तिसरा डबा समोर थांबला, मी गर्दीत मिसळलो. "अरे, कुठे होतास?" ठक्करने विचारलं. तो त्या दिवशी माझ्या खिडकीत बसून आला होता हे त्याच्या गालावरच्या गजांच्या वळावरून कळत होतं. "मागच्या डब्यात," मी म्हटलं, "धावत पकडली." साडेआठला घरी पोचलो. ओटा झाडलेला, इस्त्रीचं टेबल भिंतीशी, झोपाळा गप्प. "गाडी वेळेवर होती," मृदुला म्हणाली आणि भाताचं पातेलं उतरवलं.

गुरुवारी टोपरापाक वाटला गेला. कोठारीकाकांनी डोळे मिटून पहिला तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "प्रबोध, तुझी बदली न होवो असं म्हणवत नाही, पण यंदाचा फारच छान उतरलाय." मी माझी वडी हातात धरून बसलो. शुक्रवारी ऑफिस मला मुक्त करणार होतं, त्याआधी बदली रद्द करण्याचा अर्ज गेला तर गेला. पण तो लिहिणार कोण? काकांना सांगायची सोय नव्हती. दुपारी मी कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा अर्ज स्वतः लिहायला बसलो. 'सविनय विनंती की माझी बडोदा येथे झालेली बदली कृपया रद्द व्हावी, कारण' इथपर्यंत झकास आलं. कारण यायला तयार नव्हतं. सतरा अर्जांत मी शपथेवर सांगितलं होतं की या प्रवासाने माझे गुडघे, पत्नीचा रक्तदाब आणि दिवंगत आईची प्रकृती खालावली आहे. आता काय लिहू? प्रवास न केल्यास तब्येत बिघडेल? मी लिहिलं, 'घरी माझी जागा कुठे आहे याची खात्री नाही.' खोडलं. 'मला गाडीत खिडकी आहे.' तेही खोडलं. शेवटी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि गाडीत हातावर हात हरलो. पानं दिसतच नव्हती.

कागद तिला सापडणार हे मला कळायला हवं होतं. शर्ट भिजवण्याआधी खिसे तपासायचे, हा तिचा नेम. त्या रात्री मी आंघोळ करून आलो तर ती झोपाळ्यावर बसली होती, पाय खाली, कागद मांडीवर. "बदली आली?" तिने विचारलं. "सोमवारी," मी म्हटलं. तिने कागदाची घडी केली. मग म्हणाली, "मग मी टोपरापाक कशाचा केला?" मी म्हटलं, "न आल्याचा. दरवर्षी करतेस तसा. मला बरं वाटावं म्हणून." त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. आधी दया आली तिला माझी, मग भीती वाटली, मग ओठ दाबूनही हसू फुटलं. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून?" ती म्हणाली. "ऐका आता. आलाच आहे विषय तर ऐका. तो प्रसाद असायचा. महीमातेला मी दरवर्षी नवस बोलते, यंदा यांची बदली होऊ देऊ नकोस, टोपरापाक वाटीन. सुपारी कशाची द्यायचे मी?" मी उभाच राहिलो. डोक्यावरून पाणी गळत होतं. सतरा वर्षं पुलावर मी एका हाताने नाणं टाकून म्हणत होतो 'मला घरी आण', आणि त्याच मुठीतून तिची सुपारी पडत होती, 'आणू नकोस'. त्या नदीने करावं तरी काय? आणि यंदा सोडून कौल दरवर्षी सुपारीच्या बाजूने लागत होता, त्याच्या वड्या मी स्वतः गाडीत वाटत होतो.

"सतरा वर्षं," मी म्हटलं. मला खरंच लागलं होतं. "मी इतका नकोसा आहे?" ती म्हणाली, "नकोसे असता तर भात गरम ठेवला असता का रोज? पण रविवारी तुम्ही घरी असता ना, तेव्हा माझ्या मागे मागे फिरता. हा डबा इथे का, हे पीठ इतकं का, कोणाशी बोलत होतीस. रविवार आठवड्यातून एकच आहे म्हणून निभतो. रोज रविवार आला तर मी कुठे जाऊ? तुमची गाडी तरी आहे." मग तिने कागद उलगडला आणि माझी खोडलेली ओळ बोटाने दाखवली. खोडलेलं वाचायला ती मेकवानपेक्षा हुशार निघाली. "घरी जागा कुठे आहे," तिने वाचलं. आवाज बदलला तिचा. "हे मला विचारायचं होतं ना. खात्याला काय विचारता?" मी म्हटलं, "बुधवारी आलो होतो विचारायला. रुमाल टाकलेला होता." ती चपापली, मग तिचे कान लाल झाले. तिने कागद झोपाळ्याच्या कडीला खोचला. शेवटी ती सरकली आणि झोपाळ्यावर माझ्यासाठी जागा झाली. बसताना माझे दोन्ही गुडघे कडकड वाजले. "हे बघा," ती म्हणाली, "गुडघे खोटे लिहून लिहून खरे झाले तुमचे. आता नाही जमायचं तुम्हाला गाडीचं. घ्या बदली. माझं काय, सांगेन मी जयाबेनला, आपला डाव बंद." ते 'बंद' तिने इतकं सहज म्हटलं की मला ओटा रिकामा दिसला, पाच वाजताचा, आणि मधोमध चष्मा लावून बसलेला मी. "डाव बंद नाही," मी म्हटलं. "मी साडेआठलाच येईन." "सात मिनिटांचं ऑफिस," ती म्हणाली, "सहाला सुटून साडेआठला कसे याल?" मी म्हटलं, "ते माझं मी बघतो. आजवर कधी वेळेआधी आलोय?"

शुक्रवारी सकाळी नारळ तिनेच दिला. बासष्ट माणसांच्या डब्यात मी खरं सांगितलं, नवसासकट. पहिला शब्द कोठारीकाकांचा. "म्हणजे काल आम्ही खोटा टोपरापाक खाल्ला?" मी म्हटलं, "काका, टोपरापाक खरा होता, माणूस खोटा होता." ठक्करने फक्त खिशातून एक कोरा, इस्त्री केलेला रुमाल काढला. नऊ वर्षं जवळ बाळगला असेल. पूल आला. मी दारात उभा राहिलो, काकांनी मागून माझा पट्टा धरला, मी हात बाहेर काढून नारळ सोडला. पण जून कोरडा गेला होता, पाणी पार पलीकडच्या काठाला लागलं होतं, आणि माझा नारळ रेतीत पडला. दिसला सगळ्यांना, शेंडीसकट उभा. मग वासदपर्यंत वाद चालला की हा नारळ धरायचा की नाही. शेवटी काकांनी निवाडा दिला, नारळ टाकलेला धरावा, पण लागू होईल पूर आल्यावर. "तोवर मी कुठे बसू?" ठक्करने विचारलं. "खिडकीत बस, पण नुसता राखणदार म्हणून," काका म्हणाले. आणंदला मेकवान चढला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुझ्या बायकोचा नवस आमच्या सगळ्यांपेक्षा जोरात होता. सांभाळून राहा बाबा."

आता सहाला ऑफिस सुटतं. मी पिशवी घेतो आणि स्टेशनवर जातो. एक नंबर फलाट, चहाच्या गाड्याजवळचा बाक. चहावाल्याला वाटतं मी कुणाला तरी न्यायला येतो आणि तो माणूस काही येत नाही, म्हणून तो माझ्याशी जपून बोलतो. मी शेजारी रुमाल टाकून ठेवतो, सवयीने. आठ दहाला ती येते, तिसरा डबा थांबतो, मंडळी उतरतात, दिवसभराची खबर देतात, कोण हरलं, कोणाचा नारळ निघायच्या बेतात आहे. ठक्करच्या गालावर आता कायमचा वळ आहे. मग आम्ही सगळे बाहेर पडतो आणि साडेआठला मी घरी असतो. "वेळेवर होती?" मृदुला विचारते. "चार मिनिटं लेट," मी सांगतो, कारण लेट असते तेव्हा मीही लेट होतो. या गोष्टीचं हसू आम्हाला पहिले आठ दिवस आलं, मग येईनासं झालं. पण अधूनमधून बाकावर बसल्या बसल्या मला वाटायचं की हा सौदा मी एकट्याने ओढतोय, ती तिकडे झोक्यावर आहे आणि मी इकडे स्वतःच्याच येण्याची वाट बघत बसलोय. असं वाटलं की मी चहा मागवायचो.

श्रावणातली गोष्ट. महीला पूर होता, ठक्करची खिडकी नुकतीच रीतसर झाली होती. त्या दिवशी आठ दहा झाले, आठ वीस झाले, गाडी नाही. पुलावर हळू सोडतायत, असं कोणीतरी म्हणालं. साडेआठ झाले. मला उठता येत होतं, कुणी धरलं नव्हतं, तरी उठवेना. पावणेनऊला जिन्याजवळ एक बाई हातात छत्री आणि डबा घेऊन इकडेतिकडे बघताना दिसली. ती मृदुला आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण एकोणीस वर्षांत मी तिला या फलाटावर पाहिलं नव्हतं. ती आली, बाकापाशी थांबली. "भात दोनदा गरम केला," ती म्हणाली. "गाडी आली नाही?"

"नाही. महीवर अडकली."

"मला वाटलंच." तिने बाकावरचा रुमाल पाहिला. "ही जागा कोणासाठी धरलीय?"

"कोणासाठी नाही. सवय."

तिने रुमाल उचलला, त्याची घडी केली आणि बसली. डबा मांडीवर घेतला. समोरचे रिकामे रूळ ती बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, "आता तू आलीच आहेस, तर चल, घरी जाऊ."

"थांबा की," ती म्हणाली. "गाडी येऊ दे. तुम्ही आलात म्हणजे दोघं बरोबर जाऊ."

ऊन मावळून दोन तास झाले होते, तरी मी उठलो आणि तिला डावीकडची जागा दिली.